चाळीस जणांची आमटी
आज स्वयंपाकाची पाळी माझी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीतलं आमचं को-ऑप (विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेलं सहकारी वसतिगृह) म्हणजे घर कमी, वाडा जास्त. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनीच सुरू केलेली ही इथली पद्धत: आठवड्याला पाचेक तास घरासाठी राबायचं, म्हणून राहणं-खाणं स्वस्त.

पण चाळीस जणांची आमटी मी कधी केली होती? आईला फोन लावला. "गूळ किती घालू?" "अगं, अंदाजाने!" अंदाज गुळाचा जमला, मिठाचा हुकला. मग बटाटे ढकलले आत. तरी पातेलं चाटूनपुसून साफ!

सालं कंपोस्टच्या बादलीत. (ती रिकामी कोणी करायची यावर परवाच्या बैठकीत पाऊण तास गेला.) आता पातेलं घासायला तक्त्यावर ज्याचं नाव आहे, तो गडी कुठे दिसत नाहीये.