यात बाबासाहेब कुठे आहेत?

तीन तास अकरा मिनिटांचा सिनेमा कॉलेजच्या एका दिवसात बसत नाही. म्हणून 'गांधी' मी नेहमी दोन दिवसांत दाखवते, ३० जानेवारीच्या आसपास, अकरावी कला शाखेच्या मुलांना. इतिहासाच्या खोलीचे पडदे ओढायचे, पंखे बंद करायचे (नाहीतर आवाज ऐकू येत नाही) आणि हिंदी आवृत्ती लावायची. सिनेमा संपला की प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा द्यायचा. त्यावर काय वाटलं ते दोन ओळींत लिहायचं, नाव घालायचं नाही. बारा वर्षं हाच क्रम चालू होता.

त्या दिवशी दुसरा भाग संपला, मुलं मधल्या सुट्टीत गेली आणि मी स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या वाचत बसले. बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये नेहमीचंच होतं. रडू आलं. बेन किंग्जली खरेच गांधी वाटले. अंत्ययात्रेतली गर्दी कॉम्प्युटरवर केली आहे का? (नाही. ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत राजपथावर तीन लाखांहून जास्त माणसं खरोखर जमवली होती. हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात.) दोघा-तिघांनी लिहिलं होतं की जिनांना फारच खलनायक केलं आहे. ही तक्रार मला दरवर्षी येते आणि ती मला पटते.

मग एक चिठ्ठी आली. निळ्या पेनाने, ठसठशीत अक्षरात, एकच ओळ: "यात बाबासाहेब कुठे आहेत?"

चहा तसाच राहिला. मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली असेल.

मी निष्काळजी शिक्षिका नाही. सिनेमातला इतिहास तपासायला मुलांना शिकवायचं म्हणून मी एक तक्ता केला होता. एका रकान्यात पडद्यावर काय दिसलं, दुसऱ्यात नोंदी काय सांगतात. धारासनाच्या प्रसंगावर (मिठाच्या सत्याग्रहींना तिथे पोलिसांनी मारलं होतं) मी अख्खी तासिका घेत असे. सिनेमात सत्याग्रहींच्या पुढे मौलाना आझाद आहेत, पण २१ मे १९३० ला त्या जागी सरोजिनी नायडू होत्या, हे कळलं की वर्गातल्या मुली चिडतात आणि मला बरं वाटतं. तो मार जगाला कळवणारा वॉकर नावाचा पत्रकार काल्पनिक आहे. खरा वेब मिलर होता, युनायटेड प्रेसचा, आणि त्याने तात्पुरत्या इस्पितळात जाऊन ३२० जखमी मोजले होते. जालियनवाला बागेचा प्रसंग मात्र नोंदींशी बराच जुळतो. १६५० फैरी, आणि चौकशीत डायरने दिलेलं ते थंड उत्तर, की चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगनही वापरली असती. एवढं सगळं मी बारकाईने तपासत होते. जे पडद्यावर आलंच नाही त्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. आणि मी हे सगळं शिकवत होते पुण्यात.

सुट्टीनंतरची तासिका माझीच होती. ठरलेला पाठ बाजूला ठेवला. चिठ्ठी वाचून दाखवली आणि फळ्यावर चार तारखा लिहिल्या, सगळ्या १९३२ च्या. १६ ऑगस्ट, ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांचा जातीय निवाडा. त्यात अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी फक्त त्यांचेच मतदार निवडणार. २० सप्टेंबर, त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं आमरण उपोषण सुरू. २४ सप्टेंबर, पुणे करार, बाबासाहेब आणि सवर्ण हिंदू पुढाऱ्यांमधली तडजोड. २६ सप्टेंबर, उपोषण सुटलं, रवींद्रनाथ टागोर समोर होते.

वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर कधी बोलला नव्हता, तो उठला. म्हणाला, "मॅडम, लंडनची गोलमेज परिषद दाखवली की. त्याच्यानंतर काय होतं?"

सगळ्यांनी आठवून पाहिलं. लंडनमध्ये गांधीजी, मग लँकेशायरच्या गिरणी कामगारांत गांधीजी, आणि त्यानंतर एकदम महायुद्धाचा काळ. मधलं १९३२ नाहीच. त्या परिषदेत याच मतदारसंघांवरून बाबासाहेब आणि गांधीजी समोरासमोर उभे ठाकले होते, आणि सिनेमातल्या परिषदेत बाबासाहेब नाहीत.

"म्हणजे मुद्दाम गाळलं," तो म्हणाला. "उपोषण करून त्यांनी बाबासाहेबांना कोंडीत पकडलं. ते दाखवलं असतं तर गांधी एवढे मोठे वाटले नसते."

पुढच्या बाकावरून लगेच उत्तर आलं. सिनेमा गांधींवरचा आहे, सगळ्यांना त्यात कसं घेणार? सुभाषबाबू तरी कुठे आहेत? आणि सुरुवातीलाच पाटी येते की कुठल्याही माणसाचं आयुष्य एका कथनात मावत नाही.

ती पाटी मीही आजवर ढालीसारखी वापरत आले होते. पण त्या दिवशी मला ती पुढे करता येईना. वॉकरसाठी सिनेमात जागा होती, आणि वॉकर तर जन्मालाच आलेला नाही. उपोषणं दाखवायची नव्हती असंही नाही. चौरीचौऱ्यानंतरचं आहे, कलकत्त्याचं आहे. ज्यात गांधीजी हिंसेपुढे जीव पणाला लावतात ती उपोषणं आहेत. ज्यात समोर इंग्रज नव्हता, दंगलखोर नव्हता, आपल्याच देशातला एक माणूस कोट्यवधी लोकांचा हक्क मागत होता, ते तेवढं नाही. हे मी वर्गाला असंच सांगितलं. मुद्दाम गाळलं की नाही यावर मी त्या मुलाला दुजोरा दिला नाही, कारण दिग्दर्शकाच्या मनातलं मला सांगता येत नाही. पण जे गाळलं गेलं ते किरकोळ नव्हतं, हे मी ठामपणे सांगितलं.

तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्यात ते गोखले आहेत ना, पुण्याचे?"

आहेत. श्रीराम लागूंनी केलेत.

"आणि कस्तुरबा जातात तो आगाखान पॅलेस, तो आपल्या नगर रोडवरचा?"

हो. कस्तुरबा तिथेच वारल्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला.

"मग पुण्याचे गोखले आहेत, पुण्याचा आगाखान पॅलेस आहे, आणि नेमका पुण्याचा करार कसा नाही?"

या प्रश्नावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. आगाखान पॅलेसपासून येरवड्याचा तुरुंग रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दरवर्षी मी मुलांना कस्तुरबांच्या समाधीपाशी घेऊन जाते, शेजारच्या महादेवभाईंच्या (गांधीजींचे सचिव) समाधीवर फुलं वाहायला लावते, आणि परतताना बस ज्या भागातून येते त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही.

उरलेला वेळ मी करारावर घालवला. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली बोलणी झाली. निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागा होत्या. करारात १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले, अंतिम निवड सगळ्या मतदारांच्या हाती आली. जागा वाढल्या म्हणजे फायदाच झाला ना, असं एकाने विचारलं. तेव्हा मागचा तो मुलगा पुन्हा उठला आणि म्हणाला, "जागा वाढल्या, पण आपला माणूस कोण हे ठरवणारे दुसरे झाले." पाठ्यपुस्तकातल्या दीड पानावरून जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. पुढे बाबासाहेबांनी या करारावर किती कठोर टीका केली, तेही मी सांगितलं.

सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे, हे ऐकून क्रिकेट खेळणारी मुलं चमकली. पळवणकर बाळू, डावखुरा फिरकी गोलंदाज, पुण्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करता करता घडलेला. त्याच्याच शहरातल्या मुलांनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी ते ऐकायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं.

मी 'गांधी' दाखवणं थांबवणार नाही, हे मी त्याच तासाला सांगितलं. तो सिनेमा मला मनापासून आवडतो. रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा पाहताना मी बाराव्या वेळीही गलबलते. कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी त्यातल्या पोशाखांसाठी देशातलं पहिलं ऑस्कर आणलं, हे सांगताना माझा आवाज चढतो. पण त्याच्याबरोबर जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मधला पुणे कराराचा भागही दाखवायचा, हे त्या दिवशी वर्गातच ठरलं. तिथे मामुट्टी बाबासाहेब आहेत आणि मोहन गोखले गांधीजी. एकच उपोषण दुसऱ्या बाजूने कसं दिसतं ते मुलांनी पाहायला हवं. आणि बस परत येताना येरवड्याच्या भिंतीपाशी थांबवायची. आत जाता येणार नाही, झाडही दिसणार नाही, तरी थांबवायची.

घंटा झाली. मुलं उठली. फळा पुसायला हात उचलला, पण पुढच्या वर्गालाही त्या तारखा दिसू देत म्हणून तसाच ठेवला.

खिडकीजवळची मुलगी टेबलाशी थांबली होती. टेबलावर ती चतकोर चिठ्ठी होती. तिने ती सरळ केली, पेन काढलं आणि विचारलं, "मॅडम, नाव लिहिलं तर चालेल?"

मी हो म्हटलं. तिने नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, खाली तारीख घातली.