साकुराजिमा : जागत्या डोंगरावरची पाळत

जपानच्या दक्षिणेस कागोशिमा शहरासमोरच्या खाडीत साकुराजिमा हा १,११७ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. १९५५ पासून तो वारंवार राख उधळत आला असला, तरी त्याच्या पायथ्याशी काही हजार माणसे राहतात आणि शेती करतात. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील आम्ही काही भूगोलाचे शिक्षक तेथे गेलो, ते या डोंगरावर पाळत कशी ठेवतात हे पाहण्यासाठी. आपल्या मराठवाड्याची काळी जमीन आणि वेरूळचा कातळ हेही लाव्ह्याचेच. पण तो निवून साडेसहा कोटी वर्षे झाली.

फुकुओका शहरातील हाकाता स्थानकाहून बुलेट ट्रेनने सुमारे दीड तासात कागोशिमा येते आणि तेथून फेरीबोट पंधरा मिनिटांत पलीकडे सोडते. १९१४ च्या उद्रेकातील लाव्ह्याने पूर्वेकडची सामुद्रधुनी बुजवल्यामुळे नकाशावर साकुराजिमा आता मुख्य भूमीला जोडलेला दिसतो, पण रहिवाशांचे येणे-जाणे आजही बेटावरच्यासारखेच बोटीवर चालते.

पाळतीचे मुख्य साधन म्हणजे जमिनीचा कल. डोंगराच्या पोटात शिलारस चढू लागला की वरची जमीन किंचित फुगते, आणि आरिमुरा येथील भुयारात बसवलेली कलमापक व ताणमापक यंत्रे ही फुगवट नोंदवतात. एक किलोमीटर लांबीच्या सरळ दांडीचे एक टोक अवघा एक मिलिमीटर उचलले गेले, तर जेवढा कल येईल, त्याहूनही सूक्ष्म बदल त्यांना कळतो. जोडीला भूकंपमापक, उपग्रहाद्वारे स्थान मोजणारी केंद्रे, वायूंची मोजणी आणि विवरावर रोखलेले कॅमेरे आहेत. क्योटो विद्यापीठाचे संशोधन केंद्र बेटावरच आहे, तर धोक्याची पातळी जपानची हवामान संस्था जाहीर करते. एकूण पाच पातळ्यांपैकी येथे बहुतेक काळ तिसरी लागू असते आणि विवरांभोवती सुमारे दोन किलोमीटरपर्यंत कोणालाही जाऊ देत नाहीत. २४ जुलै २०२२ रोजी तापलेले दगड अडीच किलोमीटरपर्यंत फेकले गेले, तेव्हा येथे प्रथमच पाचवी पातळी जाहीर झाली आणि आरिमुरा व फुरुसातो येथील रहिवाशांना हलवण्यात आले.

माझ्या मते मात्र या बेटावरची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एका शाळेच्या आवारातील १९२४ चा शिलालेख. १९१४ च्या जानेवारीत धक्के बसू लागले आणि विहिरींच्या पाण्यात बदल दिसू लागले, तेव्हा बरेच गावकरी आपापल्या होड्यांतून निघून गेले. पण गावाच्या प्रमुखाने हवामान केंद्राला विचारले असता येथे उद्रेक होणार नाही असे उत्तर मिळाले, आणि त्यावर विसंबून जे मागे राहिले त्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले. रहिवाशांनी शास्त्रीय सिद्धांतावर विसंबून न राहता बदल दिसताच निघण्याची तयारी करावी, असा या लेखाचा आशय आहे. तो वाचताना आमच्यापैकी कोणालाही किल्लारी आठवल्यावाचून राहिले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाआधी, १९९२ मध्ये, त्या परिसराने धक्के अनुभवले होते. भूकंपाची वेळ सांगता येत नाही आणि ज्वालामुखी बहुधा काही खुणा देतो, हा फरक मान्यच आहे. पण खुणा दिसल्यावर लोकांनी काय करायचे हे आधी ठरलेले असणे दोन्हीकडे सारखेच गरजेचे आहे. साकुराजिमात ते ठरलेले दिसते: रस्त्याकडेला काँक्रीटचे निवारे आहेत, शाळकरी मुले हेल्मेट घालून जातात, जमा केलेल्या राखेसाठी पालिका पिशव्या देते आणि दरवर्षी स्थलांतराचा सराव होतो.

जाणाऱ्यांनी निघण्याच्या दिवशी धोक्याची पातळी आणि वाऱ्याची दिशा पाहावी, कारण राख कोणत्या बाजूला पडणार हे वाऱ्यावरच अवलंबून असते. मास्क, टोपी व साधा चष्मा जवळ असावा. कॉन्टॅक्ट लेन्स टाळाव्यात. राखेत काचेचे व खडकाचे बारीक, धारदार कण असल्याने चष्मा किंवा कॅमेऱ्याची काच कोरड्या कापडाने पुसू नये. आधी राख फुंकून झटकावी आणि चष्मा पाण्याने धुवावा. बंदरावरून निघणारी आयलंड व्ह्यू बस ३७३ मीटर उंचीवरील युनोहिरा या दर्शनस्थळी नेते. सामान्य पर्यटकाला विवराच्या याहून जवळ जाता येत नाही. कुरोकामी येथे राखेत गाडली गेलेली देवळाची कमान आहे, तेथे जाणाऱ्या बसगाड्या थोड्या असल्याने परतीची वेळ आधीच टिपून घ्यावी. शाकाहारी मंडळींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवावी, कारण भाजीच्या रश्श्यातही बऱ्याचदा माशांचा अर्क असतो. शिलालेख पाहायचा असल्यास आवारात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पाऊस असेल तर ओढ्यांच्या पात्रांपासून दूर राहावे, कारण साचलेली राख व दगड चिखलाच्या लोंढ्याबरोबर खाली येतात, आणि त्यासाठी उद्रेक व्हावाच लागतो असे नाही.