आमचा बोळ नकाशावर आला

इंदूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या बाखलीतून, म्हणजे जुन्या मोहल्ल्यातून, एक बोळ सराफ्याकडे निघतो. विकास आराखड्याचा मसुदा लागला तेव्हा त्यात हा बोळ नव्हताच. त्याच्या जागी रुंद रस्त्याच्या दोन सरळ रेघा.

1973च्या मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे मसुद्यावर आपत्ती (म्हणजे हरकती) आणि सूचना द्यायला किमान 30 दिवस मिळतात आणि बाधितांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सह्या गोळा करणं सोपं होतं. पण सह्यांवर सुनावणीत कोणी प्रश्न विचारत नाही, मोजमापावर विचारतात. म्हणून टेप घेऊन आम्ही बोळात उतरलो.

सर्वात अरुंद जागी साडेपाच फूट. हातठेला जातो, मोटार जात नाही, म्हणून शाळेची पोरं तिथून बिनधास्त पळतात. भर उन्हाळ्यात दुपारीही ओटे सावलीत असतात. घराघरातल्या भिंती सामाईक आहेत. एक काकू भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे घर पाडलंत तर माझी तुळई कशावर टेकवायची?" त्यांचं वाक्य आम्ही आपत्तीत जसंच्या तसं घातलं, शेजारी भिंतीचा फोटो जोडला.

आणखी एक आधार घरचाच होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा अहवाल केला, तो 1918 साली छापला गेला. जुन्या वस्तीतून सरसकट रस्ता कापू नका, मोडकी घरं तेवढी काढा, तिथे लहान मोकळ्या जागा करा, झाडं लावा, हा त्यांचा आग्रह. प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ज्या गल्ल्या स्वच्छ झाल्या त्यांतूनच ती नेली. या शहराला आपल्या गल्ल्यांची लाज कधीच नव्हती, असं मला मनापासून वाटतं.

सुनावणीत पहिलाच प्रश्न आला, आग लागली तर बंब कसा येणार? प्रश्न रास्त होता. बंब दोन्ही तोंडांशी उभा राहू शकतो, मधे हायड्रंट, म्हणजे आग विझवायला पाणी देणारा नळ, हवा, आणि पडक्या घराच्या जागी छोटा चौक, असं आम्ही नकाशावर दाखवलं.

अंतिम नकाशात बोळ पादचारी मार्ग म्हणून आला. सराफ्याकडचं टोक मात्र रुंद होणार, तिथले ओटे जातील. हायड्रंट आराखड्यात बसत नाही. त्यासाठी निगमात, म्हणजे महापालिकेत, वेगळा अर्ज दिला आहे. असं काही करणार असाल तर शिक्का मारलेली आपत्तीची प्रत जपून ठेवा, सुनावणीला तीच दाखवावी लागते.