हायड्रोजन बनवणारे पुष्कळ, घेणारे कोण?

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने रीजनल क्लीन हायड्रोजन हबसाठी अर्ज मागवले. आमची कंपनी एका गटात सामील झाली आणि तांत्रिक भाग लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रोसेस इंजिनिअर. इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणारं यंत्र), कॉम्प्रेसर, साठवणुकीच्या टाक्या हे माझं रोजचं काम. त्यामुळे अवघड भाग आपल्याकडेच आलाय, अशी माझी समजूत होती. पण घोडं अडलं ते भलतीकडेच.

आधी ही योजना काय होती ते सांगतो. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात हबसाठी ८ अब्ज डॉलर ठेवले होते. हब म्हणजे एखादा कारखाना नव्हे. हायड्रोजन बनवणारे, वाहून नेणारे आणि वापरणारे, सगळे एकाच भागात एकमेकांना बांधलेले हवेत. रोज निदान ५० ते १०० टन उत्पादन हवं आणि किमान निम्मा खर्च अर्जदारांनी स्वतः उभा करायचा. कायद्यातच लिहिलं होतं की एखादा हब नैसर्गिक वायूसारख्या जीवाश्म इंधनावर, एखादा सौर-पवन विजेवर, एखादा अणुऊर्जेवर चालावा. वापरातही तशीच विविधता हवी होती: वीजनिर्मिती, उद्योग, इमारती तापवणं, वाहतूक.

कन्सेप्ट पेपरची, म्हणजे पूर्ण अर्जाआधीच्या छोट्या प्रस्तावाची, मुदत ७ नोव्हेंबर, म्हणजे हातात जेमतेम दीड महिना. त्यातले कित्येक दिवस नोंदणीतच गेले. केंद्र सरकारच्या पोर्टलवर एका भागीदाराचं नाव एका कागदावर 'इन्कॉर्पोरेटेड' आणि दुसऱ्यावर 'इंक.' होतं, तेवढ्यावरून त्यांची नोंदणी लटकली. (असला अर्ज करायचा विचार असेल तर नोंदणी आज करा, लिखाण उद्या.) एकूण ७९ कन्सेप्ट पेपर आले. त्यातल्या ३३ जणांना पूर्ण अर्ज करायला प्रोत्साहन मिळालं आणि त्यात आम्ही होतो. ज्यांना नकारार्थी उत्तर आलं त्यांनाही अर्ज करायची मुभा होती, पण कोट्यवधींची पदरमोड करणाऱ्या कंपन्यांना संचालक मंडळापुढे ते पत्र ठेवून होकार मिळवणं सोपं नव्हतं.

पूर्ण अर्जाची मुदत ७ एप्रिल २०२३. माझा भाग सरळ होता. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. रोजचे ५० टन म्हणजे दिवसरात्र ११० मेगावॉटच्या आसपास. पवनचक्क्या काही दिवसरात्र फिरत नाहीत, त्यामुळे इलेक्ट्रोलायझर मोठे घ्यायचे की साठवण वाढवायची, हे गणित मांडलं. अशी गणितं सुटतात.

खरा प्रश्न होता हे ५० टन रोज घेणार कोण. अमेरिकेत वर्षाला सुमारे १ कोटी टन हायड्रोजन वापरला जातो, मुख्यतः रिफायनऱ्यांत आणि अमोनिया बनवायला. तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूपासून येतो आणि किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे गिऱ्हाईक आहे, फक्त त्याला स्वस्त मालाची सवय आहे. इलेक्ट्रोलायझरचा हायड्रोजन तेव्हा किलोला ५ डॉलरच्या घरात धरला जायचा. सरकारचंच उद्दिष्ट होतं की तो दहा वर्षांत १ डॉलरवर यावा.

आमच्या भागातल्या एका खत कारखान्याच्या खरेदी प्रमुखांशी झालेली बैठक अजून आठवते. मी स्लाइड दाखवत होतो. शुद्धता, दाब, पुरवठ्याची खात्री, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दर किती?" आमच्या वित्त विभागाच्या बाई म्हणाल्या, "टॅक्स क्रेडिट किती मिळेल त्यावर आहे." ते म्हणाले, "मग क्रेडिट ठरलं की या." पाठिंब्याचं पत्र त्यांनी आनंदाने दिलं, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. त्यात टनांचा आकडा नव्हता, दर नव्हता, वर्षंही नव्हती. आमच्या फाइलमध्ये अशी पत्रं ढीगभर जमली. बस डेपो, ट्रक कंपन्या, वीज केंद्र, सगळ्यांची भाषा गोड आणि सगळ्यांचा हात आखडता.

त्यांचंही चूक म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने स्वच्छ हायड्रोजनला किलोमागे ३ डॉलरपर्यंत करसवलत जाहीर केली होती. पण कुठली वीज स्वच्छ धरायची, याचे नियम यायचे होते. नवीन पवनचक्कीचीच वीज हवी का? उत्पादन आणि वापर तासातासाने जुळवायचा की वर्षाच्या हिशेबाने? मसुदा आला डिसेंबर २०२३ मध्ये आणि अंतिम नियम जानेवारी २०२५ मध्ये. आम्ही एप्रिल २०२३ मध्ये बसून दर लिहीत होतो. एकाच कारखान्याचे तीन हिशेब केले आणि तिन्हींत किलोचा दर वेगळा आला. गिऱ्हाइकाला त्यातला कुठला सांगायचा?

गुणांपैकी २० टक्के गुण 'कम्युनिटी बेनिफिट्स प्लॅन'ला होते: स्थानिकांना रोजगार, कामगार संघटनांशी बोलणी, प्रदूषणाची झळ आधीच सोसलेल्या वस्त्यांना फायदा. आमच्यातल्या काहींनी त्यावर नाक मुरडलं. मला विचाराल तर अर्जातला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच झाला, कारण तिथे समोर माणसं होती. एका सभेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पाण्याचं विचारलं. मी सांगितलं, रसायनशास्त्राच्या हिशेबाने किलोला ९ लिटर, म्हणजे ५० टनांना रोज साडेचार लाख लिटर, आणि शुद्धीकरण, कूलिंग धरलं की त्याहून बरंच जास्त. ते म्हणाले, "ते 'बरंच' लिहून द्या." दिलं लिहून. पाण्याचा तक्ता त्यांच्यामुळे अर्जात आला, आधी तो नव्हता.

अर्ज गेल्यावर तीन महिन्यांनी, जुलैमध्ये, ऊर्जा विभागाने जाहीर केलं की मागणीला आधार द्यायला १ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम वेगळी काढणार. आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघून हसले. अडचण फक्त आमची नव्हती तर.

१३ ऑक्टोबर २०२३ ला सात हब जाहीर झाले, एकूण ७ अब्ज डॉलर. कॅलिफोर्निया आणि गल्फ कोस्टला प्रत्येकी १.२ अब्जपर्यंत. आम्ही त्यात नव्हतो. वाईट वाटलं. पण निवड होणं म्हणजे पैसे हातात येणं नव्हतं. वाटाघाटी होऊन पहिला करार कॅलिफोर्नियाशी झाला तो जुलै २०२४ मध्ये आणि त्यातला पहिला हप्ता ३ कोटी डॉलरचा, तोही मुख्यतः आखणीसाठी. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या सरकारने कॅलिफोर्निया आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट या दोन्ही हबचा निधी रद्द केला. तिथल्या गटांत ओळखीचे इंजिनिअर आहेत. त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कागद लिहिले होते.

आमचा गट विखुरला, पण एक भागीदार अजून छोट्या प्रकल्पाच्या मागे आहे. २०२५ च्या कायद्याने करसवलत आखडली आहे. १ जानेवारी २०२८ च्या आत बांधकाम सुरू झालं तरच ती मिळणार. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून जुनी फाइल मागवली. इलेक्ट्रोलायझरची रेखाचित्रं नकोत म्हणाले, ती नवीन करतील. हवा होता तो पाण्याचा तक्ता आणि खत कारखान्याच्या त्या खरेदी प्रमुखांचा नंबर.