चाळिसाचा आकडा
फ्लूच्या लशीला शरीराने किती दाद दिली, हे मोजण्याची रूढ चाचणी 1941 मध्ये अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ जॉर्ज हर्स्ट यांनी टिपलेल्या एका गुणधर्मावर उभी आहे: हा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवतो. लस घेतलेल्याचे रक्तजल (रक्तातला पेशीविरहित द्रव) दुप्पट-दुप्पट पातळ करून त्यात विषाणू आणि मग कोंबडीच्या किंवा टर्कीच्या रक्तपेशी घालतात. विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे पुरेशी असतील तर पेशी एकमेकींना न चिकटता चाचणीच्या ताटलीतील खळग्याच्या तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात, नाहीतर जाळ्यासारख्या चिकटून पसरून राहतात. चाळीस पट पातळ केल्यावरही टिकली दिसली, तर संसर्गाचा धोका साधारण निम्मा धरतात. मुख्यतः निरोगी प्रौढांवरून आलेला हा आकडा वृद्धांना आणि बालकांना सरसकट लावणे मला पटत नाही. नाकावाटे दिल्या जाणाऱ्या जिवंत (म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूच्या) लशीबाबत (पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये अशी लस आणली होती) तर नाकाच्या अस्तरातील प्रतिकार या चाचणीत दिसतच नाही.