दाखल अंक नसलेलं पुस्तक

गेल्या मंगळवारी इथे अमेरिकेत, आमच्या लायब्ररीत एक आजोबा टॅब्लेट घेऊन आले. ऐंशी ओलांडलेत. छापील अक्षर आता त्यांना दिसत नाही, म्हणून लायब्ररीची ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या लिबी अ‍ॅपवर अक्षर बोटभर मोठं करून वाचतात. ते कसं करायचं हे त्यांना मीच शिकवलं होतं. एका पोलीसकथांच्या मालिकेचे सहा भाग त्यांनी ओळीने संपवले आणि सातवा मागायला गेले, तर पुस्तक नाहीच. रांगेत नंबर लागलाय असं नाही, दुसऱ्याने नेलंय असंही नाही. कॅटलॉगमधून नावासकट गेलेलं.

मी अकरा वर्षं महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी, सरकारी अनुदानाच्या 'ब' वर्गातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. त्यामुळे पुस्तक सापडत नाही म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, शेवटचं कुणाच्या नावावर गेलं होतं? त्या सवयीनेच मी शोधायला लागले. शेजारी बसलेल्या सहकारीण बाईंनी माझी स्क्रीन पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "ते हरवलेलं नाही. त्याची दोन वर्षं भरली."

इथल्या ई-पुस्तकांचं काम जानेवारीपासून माझ्याकडे आलंय. लायसन्सबद्दल कानावर होतंच. पण समोर आजोबा उभे असताना त्याचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला. छापील पुस्तक लायब्ररीने विकत घेतलं की ते लायब्ररीचं. अमेरिकेत १९०८ च्या एका निकालापासून हे तत्त्व कायद्यात पक्कं आहे: एकदा विकलेल्या पुस्तकाचं पुढे काय होईल यावर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. ई-पुस्तक मात्र आपण विकत घेतच नाही, ते वापरण्याची परवानगी घेतो. घरी वाचायला तुम्ही जे ई-पुस्तक पंधरा डॉलरना घ्याल, त्याच्या एका प्रतीला लायब्ररीला पंचावन्न-साठ डॉलर पडतात आणि तेही बहुतेकदा दोन वर्षांपुरतेच. एका वेळी एकच वाचक. बाकीचे रांगेत. मुदत संपली की पुन्हा तेवढेच पैसे भरा, नाहीतर पुस्तक विसरा.

२०११ साली इथल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने नियम काढला होता की ई-पुस्तक सव्वीस वेळा दिलं की संपलं. कागदी पुस्तक साधारण तेवढ्या देवघेवीत झिजतं, असा त्यांचा हिशोब. सव्वीस! आमच्या वाचनालयात दिवाळी अंक एका हंगामात साठ-सत्तर घरं फिरून यायचा. लोकप्रिय कादंबऱ्यांची बांधणी आम्ही तीन-तीनदा करून घ्यायचो. पाठीला कापड, कडेला खळ, आणि पुन्हा कपाटात. आतलं एखादं पान फाटलं तर आमचे शिपाईकाका पातळ कागद चिकटवून अक्षर वाचता येईल असं बसवायचे. पुस्तक किती वेळा वाचलं जाऊ शकतं हे या लोकांनी आमच्या शिपाईकाकांना विचारायला हवं होतं. हे मी रागानेच लिहितेय आणि तो राग गेले आठ दिवस उतरलेला नाही.

दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद. लाल कापडी पाठीचं ते भलंमोठं बाड. पुस्तक आलं की पहिल्यांदा त्यात चढतं, त्याला दाखल अंक मिळतो, आणि तो अंक दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला पुन्हा दिला जात नाही. वाळवी लागली, वाचकाने हरवलं, पावसात भिजलं, काहीही झालं तरी पुस्तक आपोआप नाहीसं होत नाही. ते बाद करायला यादी करावी लागते, कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव व्हावा लागतो, मग शेऱ्याच्या रकान्यात तारीख घालून सही. साठा पडताळणीत एक पुस्तक कमी भरलं म्हणून मी दोन रविवार कपाटं उपसलेली आहेत. आणि इथे एवढ्या श्रीमंत देशात पुस्तकं रात्रीत निघून जातात आणि शेरा कुणीच लिहीत नाही.

हे वाचून इथलं काहीच मला आवडत नाही असं वाटेल. तसं नाही. मला जे शिकवलं ते ज्या पद्धतीने शिकवलं, त्याबद्दल मी या लोकांची आयुष्यभर ऋणी राहीन.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. एच-फोर व्हिसावर आलेल्या, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदारांपैकी काहींना कामाची परवानगी २०१५ साली मिळायला लागली. माझी मिळेपर्यंत मी लायब्ररीत स्वयंसेवक म्हणून पुस्तकं लावायचे. इथे 'लायब्रेरियन' म्हणवून घ्यायला इथली मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून माझ्या बिल्ल्यावर अजूनही 'असिस्टंट' आहे. सातारच्या एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "तिकडे जाऊनही पुस्तकंच देते-घेते का?" हो, पुस्तकंच देते-घेते. शिवाय लोकांचे नोकरीचे अर्ज भरून देते, वाय-फायची हॉटस्पॉट यंत्रं घरी नेऊ देते आणि म्हाताऱ्या माणसांना नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला शिकवते. आणि हे सगळं फुकट. ना अनामत, ना वर्गणी.

पण हे शिकवण्याआधी मला ते यायला हवं होतं. गावी मी एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या ई-ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये हजारो पुस्तकं एकटीने चढवली होती, संगणकाची भीती नव्हती. तरी इथे पहिले महिने मी कुठलंही बटण दाबण्याआधी विचारायचे. चुकलं तर? त्या सहकारीण बाईंनी मला एक जुनी यादी दिली: 'ट्वेंटी-थ्री थिंग्ज'. तेवीस गोष्टी.

ही यादी इथलीच, नॉर्थ कॅरोलायनातली. शार्लट आणि मेक्लेनबर्ग काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) सार्वजनिक ग्रंथालयात २००६ साली हेलिन ब्लोअर्स यांनी ती आखली. ब्लॉग, फोटो शेअरिंग, आरएसएस (संकेतस्थळांवरचं नवं लिखाण आपोआप आणून देणारी सोय), विकी, पॉडकास्ट ही तेव्हा सगळी नवी साधनं होती आणि वाचक ग्रंथपालांच्या पुढे निघाले होते. ब्लोअर्सनी व्याख्यानं ठेवली नाहीत. तेवीस छोटी कामं दिली आणि ती नऊ आठवड्यांत, कामाच्या वेळात, आपापली करायची. प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग काढायचा, हवं तर टोपणनावाने, आणि जमलं-न जमलं ते त्यात लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेयर. सुरुवातीलाच आयुष्यभर शिकत राहणाऱ्यांच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या. सातवी: दुसऱ्याला शिकवा. आणि ती वरची अर्धी: खेळा.

खेळा! मला हे वाचून काय वाटलं ते सांगता येत नाही. आमच्याकडे संगणक आला तेव्हा पहिलं वर्ष त्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि किल्ली चिटणीसांकडे. त्यांचाही दोष नव्हता. बिघडला तर दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, हीच भीती. पण कामाच्या वेळात, पगार घेऊन, चुका करत खेळा असं कुणी लिहून देऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शार्लटने ती यादी कुणालाही वापरता येईल अशी खुली ठेवली आणि जगभरच्या कितीतरी ग्रंथालयांनी आपापल्या परीने ती बदलून घेतली. आमच्या बाईंनी मूळच्या तेवीस गोष्टी तेव्हा शार्लटमध्येच पूर्ण केल्या होत्या. त्यातली बरीच साधनं आता बंद पडलीत, म्हणून त्यांनी माझ्यासाठी पेनाने दुरुस्त करून नवी यादी केली. लिबी त्यात सतरावी होती.

बदल्यात मी त्यांना रंगनाथन सांगायला गेले, तर नाव त्यांना माहीत होतं. मद्रासला गणिताचे प्राध्यापक असलेल्या आणि पुढे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्या पाठ म्हणून दाखवू शकतात. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी एकटीच हसत होते. पण मंगळवारी आजोबा गेल्यावर तीच सूत्रं मला टोचायला लागली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. दर दोन वर्षांनी पुन्हा तेच पैसे मोजायचे असतील तर वाढणार काय?

बाईंना मी आपल्या साहित्य संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ उघडून दाखवलं. सरकारी मंडळाने छापलेली पुस्तकं पीडीएफमध्ये, हवी त्याने, हवी तेव्हा उतरवून घ्यावीत. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड त्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर कुणीही वाचावेत. रांग नाही, मुदत नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या. ती कथा-कादंबऱ्यांची बाजारपेठ नव्हे, आणि मंडळाला नफ्याची काळजी नाही, हे मला कळतं. तरीही मी दाखवलंच.

आजोबांसाठी सातव्या भागाची मोठ्या टायपातली छापील प्रत दुसऱ्या काउंटीतून मागवली आहे. ते भिंगाने प्रयत्न करणार आहेत. लायसन्स पुन्हा घेण्याचा अर्जही मी टाकलाय. आणि मी एक साधी वही घातली आहे. मुदत संपून गेलेल्या प्रत्येक ई-पुस्तकाचं नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, किती वाचकांनी वाचलं. शेऱ्यात लिहिते: बाद. ठराव नाही. बाईंनी वही पाहिली, मराठी वाचता येत नसताना रकाने ओळखले आणि इंग्रजीत तशीच एक तक्ता-फाईल करून सगळ्या शाखांना पाठवायला सांगितलं.

शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे तुमच्याकडे रविवारी सकाळी सातला, मी गावच्या वाचनालयातल्या माझ्या जागी आलेल्या मुलीला व्हिडिओवर शिकवते. सध्या तेवीस गोष्टींच्या आमच्या मराठी यादीतली नववी गोष्ट चालू आहे. मी तिथून निघून आले ते बरं केलं की नाही, यावर माझ्या आईचं आणि माझं एकमत होत नाही. त्या पगारात घर चालत नव्हतं, एवढंच मी दर वेळी सांगते. या शनिवारी त्या मुलीने विचारलं, "ताई, एक जण ई-पुस्तकांची योजना घेऊन आलाय, वर्षाचे पैसे भरायचे. घेऊ का?"

मी म्हटलं, आधी विचार, वर्ष संपल्यावर आपल्याकडे काय राहणार.

तिने समोरच फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला, कपाटातून दाखल नोंदवही काढली, आणि टेबलावर आलेली देणगीची पाच पुस्तकं चढवायला घेतली. दाखल अंक १४,३१२ पासून.