अकरा जणांसाठी मटण-बटाट्याचे थर

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी मटण शिजले, म्हणजे ते रश्श्याचेच असायचे. काळा मसाला, चुलीत भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे आणि वर बोटभर तर्री; ताटात बाजरीची भाकरी कुस्करायची, तिच्यावर रस्सा ओतायचा आणि काला करून जेवायचे, ही खानदेशातील मटणाची रीत आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार होती ती वाढण्याच्या क्रमाविषयी. घरात माणसे अकरा, मटण दीड किलो, आणि म्हणून ते पुरावे यासाठी रश्श्यात चार-पाच बटाटे चिरून टाकलेले. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुले बसत. सर्वांत शेवटी सासूबाई, जाऊबाई आणि मी ताट घेत असू, तेव्हा पातेल्यात रस्सा भरपूर असे, बटाट्याच्या फोडीही असत, पण मटणाचे तुकडे पळीने शोधावे लागत. कोणी मुद्दाम असे करीत नव्हते. वाढणाऱ्या आम्हीच होतो आणि समोरच्या ताटात चांगला तुकडा पडावा असे आम्हालाच वाटत होते. तरीही १९ वर्षे माझ्या वाटीत मटणाऐवजी बटाटा येत राहिला, आणि बटाट्यासारख्या गुणी वस्तूला त्या वाटीत मी कधी मनापासून चांगले म्हटले नाही, याचे मला आता वाईट वाटते.

तीन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तर भागातील लँकशायर परगण्याच्या ‘हॉटपॉट’ या पदार्थाविषयी माझ्या वाचनात आले. खोल भांड्यात मेंढीचे मांस आणि कांदा यांचे थर द्यायचे, वर बटाट्याच्या चकत्या एकीवर एक सरकवून लावायच्या आणि मंद आचेच्या भट्टीत ते तासन्‌तास शिजू द्यायचे, इतकाच तो पदार्थ आहे. गिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांचे हे जेवण, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. लँकशायर हे नाव मला ओळखीचे होते, कारण ते आमच्या कापसाच्या इतिहासात येते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा त्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या, खानदेशच्या कापसाला मोठी मागणी आली आणि जळगाव त्या व्यापाराची पेठ म्हणून पुढे आले. माझ्या यजमानांचे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये कामाला होते आणि आमच्या शेतात आजही कपाशी उभी असते. आमच्यासारख्याच काळ्या जमिनीतील कापूस ज्यांनी कातला, त्या लोकांच्या घरी मांस आणि बटाटा एकमेकांची जागा न घेता एका भांड्यात थरांनी बसत होते, हे वाचल्यावर तो पदार्थ आपल्या मसाल्यात करून पाहावा, ही इच्छा माझ्या मनातून गेली नाही.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे समजल्यामुळेच पुढचे जमले. मी मटणाला दही लावले होते आणि वाटणात तीन टोमॅटो घातले होते. दोन तासांनी झाकण उघडले, तेव्हा मटण हाडावरून सुटत होते आणि बटाट्याच्या चकत्या मात्र दाताखाली करकरत होत्या. आंबट रसात बटाटा लवकर मऊ होत नाही, कारण त्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही. चिंचेच्या आमटीत भाजी आधी शिजवून मगच चिंच घालावी, असे माझी आई सांगत असे. त्या सांगण्यामागचे कारण मला असे चाळिशीत कळले. त्या दिवसापासून थरांच्या मटणात दही, टोमॅटो किंवा कोकम यांपैकी काहीही मी घालत नाही. आंबट हवे असेल त्याने ताटात लिंबू पिळावे. लँकशायरमध्येही या पदार्थाबरोबर सिरक्यात मुरवलेला लाल कोबी वेगळा वाढतात, भांड्यात घालत नाहीत.

आता जे प्रमाण मी वापरते ते असे आहे: हाडासकट पावणेदोन किलो बोकडाचे मटण, दीड किलो बटाटे आणि पाऊण किलो कांदे. मटण घेताना मी गर्दन, पुढचा पाय आणि थोडा सीना मागते. मागच्या पायाचे मटण दिसायला भरीव असते, पण ते फार वेळ शिजवले तर कोरडे पडते. गर्दन आणि पुढच्या पायात चिवट पडदे आणि शिरा असतात, त्यांतले कोलॅजेन मंद आचेवर हळूहळू विरघळते आणि रसाला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. तुकडे दोन घासांचे, लहान करून घ्यावेत, नाहीतर पुढे थर नीट कापता येत नाहीत. नळ्या वेगळ्या ठेवाव्यात.

मटणाला हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून अर्धा तास ठेवते, मग नळ्यांसकट शेंगदाण्याच्या तेलावर परतून, दोन लिटर गरम पाणी घालून, झाकण ठेवून शिजवते. येथे घाई केली तर सगळे बिघडते. कुकरला लावून पूर्ण शिजवलेले मटण थरांत गेल्यावर चोथा होते. ते तीन हिश्शे शिजलेले, नखाने दाबले तर दबणारे पण न तुटणारे असावे. तुकडे बाजूला काढल्यावर जे अळणी पाणी उरते, ते या सगळ्या कामातील सर्वांत मोलाची वस्तू आहे. त्याचे दोन भाग करावेत.

वाटणाविषयी खानदेशातील वाचकांना मी वेगळे काय सांगावे! प्रत्येक घरचा काळा मसाला वेगळा असतो आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. आमच्याकडे तो उन्हाळ्यात वर्षभराचा होतो, मिरची नंदुरबारची येते, आणि दगडफूल, शहाजिरे, मसाला वेलदोडा, लवंग, दालचिनी हे सर्व वेगवेगळे भाजूनच कुटले जाते. अख्खे कांदे निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजून, सुके खोबरे खमंग भाजून, लसूण-आले-कोथिंबीर घालून वाटते आणि तेलात मसाल्यासह इतके परतते, की तेल कडेने सुटलेले स्पष्ट दिसावे. या वाटणाचा मोठा अर्धा भाग मटणाच्या तुकड्यांना कोरडाच लागतो. उरलेला भाग कशासाठी राखला ते पुढे येईल.

बटाट्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा पदार्थ त्याच्या बाजूने उभा राहण्यासाठीच मी करते. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि बटाटा स्वतः दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून आला, तरी आता तो आपल्या चुलीवर कोणाला परका वाटत नाही. पौष-माघात बाजारात येणारा नवा बटाटा पातळ सालीचा आणि पाणीदार असतो. तो शिजल्यावर फुटत नाही, म्हणून आतल्या थरांना तोच घ्यावा. वरच्या थराला जुना, पिठूळ बटाटा हवा. शीतगृहातून नुकताच आलेला जुना बटाटा मात्र लगेच वापरू नये, कारण थंडीत राहिल्याने त्याच्यातील पिष्टाची साखर होते आणि तो शिजण्याआधीच करपल्यासारखा काळपट होतो. आठवडाभर टोपलीत मोकळ्यावर ठेवला की हा दोष बराचसा जातो. आतल्या चकत्या पाव इंचाहून थोड्या कमी जाडीच्या कराव्यात आणि कापल्यावर धुऊ नयेत, कारण त्यांच्या अंगचे पिष्टच रसाला धरते. वरच्या चकत्या त्याहून पातळ कराव्यात, पाण्यातून काढाव्यात आणि कापडाने अगदी कोरड्या पुसाव्यात, म्हणजे त्या कुरकुरीत होतात. प्रत्येक थराला स्वतंत्र मीठ लागते. मटणातले मीठ बटाट्यात उतरेल या भरवशावर राहिले, तर बटाटा पुन्हा पूर्वीसारखाच फिका, दुय्यम लागतो.

रुंद तोंडाचे, जाड बुडाचे आठ लिटरचे पातेले मी यासाठी राखून ठेवले आहे. बुडाला तेल, त्यावर मिठात किंचित मऊ केलेल्या उभ्या चिरलेल्या कांद्याचा थर, मग बटाटा, मग मटण, पुन्हा कांदा, पुन्हा बटाटा, उरलेले मटण, आणि सर्वांत वर कोरड्या चकत्या, जुन्या घराच्या छपरावर कौले बसवतात तशा, प्रत्येकीची कड दुसरीच्या खाली. दुसऱ्या वेळी मी तळाला थेट बटाटा लावला होता आणि तो करपून पातेल्याला धरला. कांदा तळाला असला की तो आपला रस सोडतो आणि वरच्या सर्वांना वाचवतो. अळणी पाण्याचा पहिला भाग उकळता करून कडेने ओतावा, आणि तो वरच्या थराच्या एक बोट खाली थांबवावा. चकत्या बुडाल्या तर त्या उकडतात, भाजल्या जात नाहीत.

झाकणाची कड कणकेने बंद करून, पातेल्याखाली जाड तवा ठेवून, मंद आचेवर सव्वा तास. मग कणीक सोडवून चकत्यांवर तेलाचा हात फिरवावा, झाकण परत ठेवावे आणि त्यावर निखारे पसरावेत. अर्ध्या तासात वरचा थर बट्टीच्या पाठीसारखा तांबूस होतो. शहरातल्या घरी हेच मी विजेच्या भट्टीत १६० अंशांवर झाकून दीड तास आणि नंतर २१० अंशांवर उघडे ठेवून पंचवीस मिनिटे करते. चव जवळजवळ तीच येते, पण निखाऱ्यांचा वास येत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो फरक लहान नाही.

या वर्षी किंक्रांतीला सर्व जण गावी जमलो होतो. कपाशीची शेवटची वेचणी नुकतीच झाली होती, संध्याकाळी बोरी नदीकडून बोचरा वारा येत होता, आणि अंगणातील चुलीपाशी मुले शेकत बसली होती. मी पातेले घरात आणले आणि पंगत लावण्यापूर्वी सर्वांसमोर उलथण्याच्या कडेने वरच्या थरावर अकरा भाग आखले. सासरे, यजमान, दीर, नणंदबाई, चार मुले, सासूबाई, जाऊबाई आणि मी. उलथणे तळापर्यंत उभे घालून उचलले, की प्रत्येक ताटात तांबूस बटाटा, मटण, कांदा, पुन्हा बटाटा आणि मटण असा एकसारखा भाग येत होता. शोधून काढण्यासारखे त्यात काही नव्हते आणि मागे राखण्यासारखेही काही नव्हते. भाग आखलेले असल्यामुळे कोणी आधी बसून कोणी नंतर बसण्याला अर्थ उरला नव्हता. जाऊबाईंनी स्वतःचे ताट आणले, मग सासूबाईंनीही आणले, आणि आम्ही अकराही जण एका वेळी बसलो. त्या घरात माझ्या आठवणीत हे प्रथमच घडले.

सासूबाईंनी ताटाकडे पाहून विचारले, “रस्सा कोठे शे?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते, आणि तो रास्तही होता. ज्या माणसाने सत्तर वर्षे भाकरी रश्श्यात कुस्करून खाल्ली आहे, त्याला कोरड्या थरांवर समाधान मानायला सांगणे हा अन्यायच झाला असता. राखलेले वाटण आणि अळणी पाण्याचा दुसरा भाग यांचा पातळ, झणझणीत रस्सा मी दुसऱ्या चुलीवर केला होता, नळ्या त्यातच होत्या. तो वाटीवाटीने आला, नळ्या मुलांनी वाटून घेतल्या, आणि सासऱ्यांनी थरांचा अर्धा भाग भाकरीबरोबर खाऊन उरलेला अर्धा सरळ रश्श्यात कुस्करला. मला आधी जरा चुटपूट लागली. पावणेदोन तास जपलेले थर एका क्षणात काल्यात गेले होते. पण त्यांनी बटाट्याचा तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि “याले मटणनी चव शे,” असे ते दिरांना म्हणाले.

जेवणे संपत आली तेव्हा पातेल्याच्या तळाशी कांद्याची खरवड उरली होती, तेल आणि मसाला पिऊन काळसर झालेली. ती आखलेल्या अकरा भागांत मोडत नव्हती. जाऊबाई ती मुलांसाठी काढू लागल्या, तोच सासूबाईंनी आपले ताट पुढे केले आणि म्हणाल्या, “माले दे ती.” जाऊबाईंनी उलथण्याने सगळी खरवड सोडवून त्यांच्या ताटात घातली, आणि त्या भाकरीच्या शेवटच्या चतकोराबरोबर ती सावकाश खात बसल्या.